कडक ऊन पडलं की इन्व्हर्टर ग्रिड सोडतो: नेट मीटरिंगमधला ओव्हर-व्होल्टेज ट्रिप शोधायचा आणि घालवायचा कसा

नेट मीटरिंग म्हणजे गच्चीवरच्या सोलरची उरलेली वीज ग्रिडला देण्याची सोय. तिच्यातला सोलर इन्व्हर्टर जास्त व्होल्टेजमुळे ट्रिप होतो, म्हणजे आपोआप ग्रिडपासून सुटतो, तेव्हा लक्षणं ठरलेली असतात. सकाळी सगळं सुरळीत, दहा-साडेदहापर्यंत उत्पादनाचा आलेख छान चढतो, आणि ऊन तापलं की इन्व्हर्टर बंद. मिनिटाभराने किंवा पाच मिनिटांनी तो आपोआप सुरू होतो, पुन्हा चढतो, पुन्हा बंद पडतो. ॲपमधल्या आलेखाला करवतीसारखे दाते पडलेले दिसतात. स्क्रीनवर ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ किंवा ‘एसी व्होल्टेज हाय’ असा इशारा येतो. दुपार कलली की कोणी काही न करता सगळं ठीक. ढगाळ दिवशी त्रास नाही, आणि सुट्टीच्या दिवशी, आतला वापर कमी असताना, त्रास सगळ्यात जास्त.

अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. इन्व्हर्टर बदलून मागतात, नाहीतर इन्स्टॉलरला सांगून व्होल्टेजची मर्यादा वाढवून घेतात. पहिल्याने काही फरक पडत नाही. दुसरं धोक्याचं आहे. इन्व्हर्टर नेमून दिलेलं काम चोख करतोय. व्होल्टेज हद्दीबाहेर गेलं म्हणून तो बाजूला होतोय. शोधायचं आहे ते एवढंच, की हे जास्तीचं व्होल्टेज नेमक्या कुठल्या वायरीत तयार होतंय: इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतच्या तुमच्या वायरीत, मीटरपासून खांबापर्यंतच्या सर्व्हिस वायरीत, की खांबापलीकडच्या लाइनमध्ये. तिन्हींचा उपाय वेगळा आणि जबाबदारीही वेगळी. भर दुपारी तासभर मल्टिमीटर घेऊन माप घेतलं तर याचा निकाल लागतो.

खालचे सगळे आकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या पुरवठ्याचे आहेत.

व्होल्टेज चढतं कशामुळे

वीज ग्रिडकडे ढकलायची तर इन्व्हर्टरच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज ग्रिडपेक्षा थोडं जास्त असावंच लागतं. किती जास्त, ते वाटेतल्या वायरीच्या रोधावर ठरतं. करंट गुणिले रोध, इतकं व्होल्टेज वाढतं. सिंगल फेजमध्ये करंट फेजमधून जातो आणि न्यूट्रलमधून परत येतो, म्हणून लांबी दुप्पट धरायची.

५ किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर पूर्ण जोरात असताना २५० व्होल्टच्या आसपास २० अँपिअर देतो. गच्चीवरून मीटरपर्यंत ३० मीटर अंतर आहे आणि तांब्याची ४ चौ. मिमी वायर टाकली आहे असं धरा. या वायरीचा रोध किलोमीटरला ४.६१ ओहम, जाऊन-येऊन ६० मीटरला ०.२७७ ओहम. गुणिले २० अँपिअर म्हणजे साडेपाच व्होल्ट. मीटर ते खांब ४० मीटर, ॲल्युमिनियमची १० चौ. मिमी सर्व्हिस केबल: किलोमीटरला ३.०८ ओहम, ८० मीटरला ०.२४६, म्हणजे आणखी ४.९ व्होल्ट. खांबावर दुपारी २४४ व्होल्ट असतील तर मीटरवर २४९ आणि इन्व्हर्टरवर २५४ च्या वर जाणार. मर्यादा २५३ असेल तर ट्रिप.

आता फक्त आतली वायर १० चौ. मिमी तांब्याची केली (किलोमीटरला १.८३ ओहम) तर साडेपाचच्या जागी २.२ व्होल्ट वाढतात. इन्व्हर्टरवर २५१. ग्रिड तेच, इन्व्हर्टर तोच, मर्यादा तीच, आणि ट्रिप नाही.

हे रोध २० अंश तापमानाचे आहेत. उन्हात तापलेल्या पाइपातली वायर ७० अंशांवर गेली तर तांब्याचा रोध सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. साडेपाचाचे साडेसहा होतात, म्हणून मार्चपर्यंत नीट चाललेली सिस्टिम उन्हाळा चढला की त्रास द्यायला लागते. जी वायर ‘करंट झेपतो’ एवढ्याच हिशोबाने निवडली, तिथे हा त्रास हमखास. ४ चौ. मिमीला २० अँपिअर आरामात झेपतात, वायर जळत नाही, पण व्होल्टेज वाढायचं ते वाढतंच.

मर्यादा येते कुठून तेही लक्षात घ्या. बऱ्याच ठिकाणी पुरवठ्याची हद्द २३० च्या वर-खाली १० टक्के, म्हणजे २०७ ते २५३ व्होल्ट असते. आयईसी ६१७२७ या मानकाप्रमाणे व्होल्टेज ११० टक्क्यांच्या वर गेलं की २ सेकंदांत सुटायचं. युरोपातल्या ईएन ५०५४९ मध्ये त्याच ११० टक्क्यांसाठी १० मिनिटांची सरासरी धरतात. फरक मोठा आहे. पहिल्या प्रकारात शेजारचा मोठा पंप बंद होताना आलेली क्षणिक उसळीही इन्व्हर्टर पाडू शकते. दुसऱ्या प्रकारात नाही. तुमच्या इन्व्हर्टरमध्ये कुठला ग्रिड कोड (त्या-त्या देशाच्या मर्यादांचा संच) निवडला आहे हे म्हणून आधी पाहायला हवं. बदलून आलेल्या इन्व्हर्टरमध्ये कारखान्यातून आलेला भलत्याच देशाचा कोड तसाच राहिलेला असणं ही नेहमीची चूक आहे.

माप घेण्यापूर्वी

मीटरच्या, बोर्डाच्या आणि इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर चालू स्थितीत माप घेणं हे परवानाधारक वायरमनचं काम. मल्टिमीटर ट्रू आरएमएस हवा. बोर्डावर कॅट-३ आणि मीटरजवळ कॅट-४ या सुरक्षा दर्जाचा. मीटरचं सील कोणत्याही कारणाने तोडायचं नाही. मीटरनंतरच्या मेन स्विचवर घेतलेलं माप पुरेसं असतं. काही उघडायचं असेल तर आधी एसी बाजू बंद, मग डीसी आयसोलेटर बंद. पॅनेलच्या एमसी-४ जोडण्या करंट वाहत असताना ओढू नका. त्या तशा तोडण्यासाठी बनवलेल्याच नाहीत आणि डीसीचा आर्क विझत नाही. डीसी बंद केल्यावरही ऊन आहे तोवर पॅनेलकडून येणारी वायर जिवंतच असते.

पहिली पायरी: नोंदी वाचा

ॲपमधून किंवा इन्व्हर्टरच्या स्क्रीनवरून गेल्या १५ दिवसांतल्या ट्रिपच्या वेळा आणि प्रत्येक वेळचं व्होल्टेज लिहून काढा. मग उत्पादन आणि ग्रिड व्होल्टेज हे दोन आलेख एकावर एक ठेवा.

व्होल्टेज उत्पादनाबरोबर चढत-उतरत असेल तर रोध तुमच्या किंवा सर्व्हिस वायरीत, नाहीतर खांबापलीकडच्या लाइनमध्ये आहे. ढग आला, उत्पादन पडलं आणि त्याच क्षणी व्होल्टेज ८-१० व्होल्टने खाली आलं, यापेक्षा स्पष्ट पुरावा नाही.

व्होल्टेज पहाटेही, सौर उत्पादन शून्य असतानाही, २४८-२५० असेल तर मूळ पुरवठाच वर आहे. ट्रान्सफॉर्मरची दुय्यम बाजू ४३३ व्होल्टची असली तर फेज-न्यूट्रल २५० व्होल्ट निघतात. ट्रान्सफॉर्मर जवळ असेल आणि लाइनवर भार नसेल तर जवळजवळ तेवढेच तुमच्यापर्यंत पोहोचतात.

व्होल्टेज उन्हाशी संबंध न ठेवता वेडंवाकडं उडत असेल, कधी २१०, कधी २६०, तर सैल जोड किंवा न्यूट्रल. हे प्रकरण थांबवून ठेवायचं नसतं, त्याबद्दल खाली.

ॲपमधली नोंद सहसा ५ मिनिटांनी एकदा होते. त्यात २ सेकंदांची उसळी दिसणार नाही. आलेखात २४९ दिसतंय आणि इन्व्हर्टर २५३ चा दोष दाखवतोय, म्हणून इन्व्हर्टर खोटं बोलतोय असं समजू नका. ट्रिपच्या नोंदीतला आकडा खरा धरा.

दुसरी पायरी: तीन ठिकाणी माप

निरभ्र दुपार निवडा, उत्पादन क्षमतेच्या निदान ७० टक्के असताना. घरातला किंवा कामाच्या जागेवरचा भार शक्य तितका बंद करा. मोजायच्या जागा तीन: इन्व्हर्टरचं एसी टर्मिनल, सोलरची वायर मुख्य बोर्डाला मिळते ती जागा, आणि मीटरनंतरचा मेन स्विच. त्याच वेळी क्लॅम्प मीटरने करंट मोजा.

वरच्याच उदाहरणातले आकडे असे येतील. इन्व्हर्टर चालू, २० अँपिअर: इन्व्हर्टरवर २५४.५, मेन स्विचवर २४९. मग इन्व्हर्टर बंद करून लगेच मेन स्विचवर: २४४.

इन्व्हर्टर आणि मेन स्विच यांतला फरक ५.५ व्होल्ट, तो तुमच्या वायरीचा. मेन स्विचवर चालू-बंदमधला फरक ५ व्होल्ट, तो सर्व्हिस केबल आणि पलीकडच्या लाइनचा. २० अँपिअरने भागला की ०.२५ ओहम. आणि बंद असतानाचे २४४ हे ग्रिडचं स्वतःचं व्होल्टेज.

ग्रिड स्वतःही हलत असतं, म्हणून चालू-बंद माप सलग तीनदा घेऊन सरासरी काढा. इन्व्हर्टरच्या स्क्रीनवरचा आकडा आणि मल्टिमीटरचा आकडा यांत एक-दोन व्होल्टचा फरक असू शकतो. ५ व्होल्टचा असेल तर मात्र इन्व्हर्टरच्या मापनातच दोष आहे, आणि तेव्हा कंपनीकडे तक्रार करणं योग्य.

निकाल वाचायची आमची पद्धत साधी आहे. आतला फरक २.३ व्होल्टपेक्षा, म्हणजे १ टक्क्यापेक्षा जास्त असेल तर आधी तुमची बाजू सुधारा. तो कमी असून मेन स्विचवरचा चालू-बंद फरक ४-५ व्होल्टच्या वर असेल तर सर्व्हिस. आणि इन्व्हर्टर बंद असतानाही मेन स्विचवर २४८ च्या वर असेल तर तुमच्या बाजूला कितीही जाड वायर टाका, खरी दुरुस्ती ट्रान्सफॉर्मरकडेच आहे.

आतली बाजू: आधी जोड, मग वायर

वायर बदलण्याआधी जोड तपासा. मोजलेला रोध आणि हिशोबाने येणारा रोध यांत मोठी तफावत असेल तर जोडच सैल आहे. ३० मीटर १० चौ. मिमी तांब्याला ०.११ ओहम यायला हवा आणि मापात ०.३ येतोय, तर उरलेले ०.१९ ओहम कुठल्यातरी स्क्रूखाली बसलेत. २० अँपिअरला तेवढा रोध म्हणजे जवळपास ४ व्होल्ट आणि ७६ वॅट उष्णता, एका टर्मिनलमध्ये. तिथल्या वायरीचं इन्सुलेशन तपकिरी, कडक झालेलं असतं, प्लॅस्टिक पिवळं पडलेलं असतं, आणि झाकण उघडलं की जळका वास येतो. हा फक्त ट्रिपचा प्रश्न राहत नाही; इथूनच आग लागते.

सैल जोड पकडायची खात्रीची रीत: इन्व्हर्टर पूर्ण जोरात चालू असताना मल्टिमीटरचे दोन्ही प्रोब एकाच पोलच्या वरच्या आणि खालच्या वायरीला लावा. एमसीबीच्या एका पोलवर ०.१ ते ०.२ व्होल्ट पडणं नेहमीचं. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर तो जोड उघडून पाहायचा, अर्थात एसी आणि डीसी दोन्ही बंद करून. एसीडीबीतला (इन्व्हर्टरच्या एसी बाजूची वितरण पेटी) प्रत्येक पोल, आयसोलेटर, न्यूट्रलची लिंक, सगळं या पद्धतीने दहा मिनिटांत होतं. न्यूट्रलची लिंक विसरू नका. फेजचे स्क्रू सगळे आवळतात, न्यूट्रलचे राहून जातात.

ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या लगमध्ये (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) किंवा पितळी टर्मिनलमध्ये थेट दाबलेली असेल तर ती जागा आधी बघा. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर येतो, आणि दाबाखाली हा धातू हळूहळू सरकतो, म्हणून आज घट्ट आवळलेला स्क्रू वर्षभरात सैल होतो. तिथे बायमेटॅलिक (तांबं-ॲल्युमिनियम जोडलेला) लग, ऑक्साइडरोधक पेस्ट आणि योग्य डायचं क्रिम्पिंग हवं. पक्कडीने चेपलेली थिंबल चालत नाही. लवचीक वायरीच्या टोकाला पिन लग लावा. सुटे तंतू स्क्रूखाली पसरतात आणि अर्धेच दाबले जातात. टर्मिनलवर उत्पादकाने दिलेला टॉर्क छापलेला असतो, तेवढाच द्या.

जोड ठीक असूनही आतला फरक जास्त असेल तर वायर जाड करायची. तांब्याचा रोध किलोमीटरला ६ चौ. मिमी ३.०८, १० चौ. मिमी १.८३, १६ चौ. मिमी १.१५ ओहम. ॲल्युमिनियमचा १६ ला १.९१, २५ ला १.२०. तुमची एकेरी लांबी मीटरमध्ये, गुणिले २, गुणिले हा आकडा, भागिले १०००, गुणिले जास्तीत जास्त करंट, उत्तर २.३ व्होल्टच्या आत आलं पाहिजे. जाड वायर एमसीबीच्या टर्मिनलमध्ये मावत नाही ही अडचण येते. तिचे तंतू कापून बसवू नका. जवळ जोडपेटी बसवून शेवटचा हातभर तुकडा कमी जाडीचा घ्या. एवढ्या लांबीने काही बिघडत नाही, फक्त त्या तुकड्याला एमसीबीइतका करंट झेपायला हवा.

नवी सिस्टिम बसवायची असेल तर याहून चांगली गोष्ट हाताशी आहे: इन्व्हर्टर गच्चीवर पॅनेलजवळ न ठेवता मीटरजवळ ठेवा. लांब पल्ला डीसीने कापू द्या. ५ किलोवॅटची स्ट्रिंग ४०० व्होल्टला साधारण १२ अँपिअर देते, म्हणजे नुकसान कमी, आणि डीसी बाजूला व्होल्टेज थोडं पडलं तरी ग्रिडची मर्यादा ओलांडली जात नाही. एसी बाजू जितकी आखूड तितका हा त्रास कमी.

थ्री फेज पुरवठा असेल तर सिंगल फेज इन्व्हर्टर एकाच फेजवर लादण्यापेक्षा थ्री फेज इन्व्हर्टर घ्या. तेच ५ किलोवॅट तीन फेजांत विभागले की प्रत्येक फेजमध्ये करंट एक तृतीयांश, आणि समतोल असेल तर न्यूट्रलमध्ये जवळजवळ शून्य. व्होल्टेजची वाढ सहाव्या हिश्श्यावर येते. वरच्या ४ चौ. मिमीच्या वायरीत साडेपाचऐवजी ०.९ व्होल्ट.

न्यूट्रल सैल असेल तर थांबायचं नाही

थ्री फेज जोडणीत फेज-फेज व्होल्टेज ४०० च्या आसपास नीट आहे, पण फेज-न्यूट्रल एक १९५, दुसरं २६० असं दिसतंय, तर येणारा न्यूट्रल तुटायच्या बेतात आहे. एखाद्या खोलीत जड उपकरण लावलं की दुसरीकडचे दिवे प्रखर होणं हेही त्याचंच लक्षण. इन्व्हर्टरने दिलेला इशारा इथे वाचवणारा असतो. मेन स्विच बंद करा, वितरण कंपनीला तातडीची तक्रार द्या, न्यूट्रल दुरुस्त होईपर्यंत पुरवठा चालू करू नका. फ्रिज, टीव्ही, एलईडीचे ड्रायव्हर यांना २६०-२८० व्होल्ट फार वेळ सोसत नाहीत.

इन्व्हर्टरमधली सेटिंग

आतली वायर ठीक, सर्व्हिस बरी, तरी दुपारी एक-दोन व्होल्टने मर्यादा ओलांडली जातेय, अशा वेळी सेटिंगचा उपयोग होतो.

पहिली व्होल्ट-वॅट. ठरावीक व्होल्टेजच्या वर इन्व्हर्टर पूर्ण बंद न पडता उत्पादन हळूहळू कमी करतो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या एएस/एनझेडएस ४७७७.२ या २०२० च्या मानकात ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भागासाठी २५३ व्होल्टपासून उत्पादन घटायला लागतं आणि २६० ला २० टक्क्यांवर येतं. हे आकडे तुमच्याकडे उतरवून घ्यायचे नाहीत. तुमच्या वितरण कंपनीने मान्य केलेलेच आकडे लावायचे. ट्रिपची मर्यादा २५३ असेल तर घट त्याआधी, २४९-२५० ला सुरू व्हायला हवी, नाहीतर उपयोग शून्य.

हे का फायद्याचं ते हिशोबाने बघा. ट्रिप झाल्यावर इन्व्हर्टर आधी थांबतो, ग्रिड कोडप्रमाणे २० सेकंदांपासून ५ मिनिटांपर्यंत, आणि बऱ्याच कोडमध्ये मग मिनिटाला १० टक्के या गतीने चढतो. ५ मिनिटं पूर्ण बंद आणि १० मिनिटं सरासरी अर्धं उत्पादन, म्हणजे १० मिनिटांचं पूर्ण उत्पादन बुडालं. ५ किलोवॅटला दर ट्रिपमागे ०.८३ युनिट. दुपारभरात आठ ट्रिप झाले तर साडेसहा युनिटांहून जास्त. त्यापेक्षा व्होल्ट-वॅटने तेवढा वेळ १०-१५ टक्के कमी उत्पादन केव्हाही परवडतं.

दुसरी व्होल्ट-व्हार, किंवा ठरलेला पॉवर फॅक्टर, समजा ०.९५, रिॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता ग्रिड आणि उपकरण यांत ये-जा करणारी वीज, केव्हीएआरमध्ये मोजतात) शोषून घेण्याच्या दिशेने. पॉवर फॅक्टर म्हणजे एकूण विजेतला कामाचा वाटा. दिशा उलटी लागली तर व्होल्टेज आणखी चढतं. ही चूक वारंवार होते, कारण ‘लॅगिंग’ हा शब्द कोणी भाराच्या बाजूने वापरतो, कोणी जनित्राच्या. सेटिंग लावल्यावर पाच मिनिटांत व्होल्टेज खाली येतंय की वर जातंय ते मोजूनच खात्री करा. यातून फार अपेक्षाही ठेवू नका. बारीक केबलमध्ये रोध जास्त आणि रिॲक्टन्स अगदी कमी, त्यामुळे तिथे परिणाम नगण्य. लांब ओव्हरहेड लाइनवर आणि ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला थोडा उपयोग होतो, आणि एकाच लाइनवरच्या बऱ्याच इन्व्हर्टरांनी मिळून लावलं तर जास्त.

कारखाना किंवा दुकानाच्या जोडणीवर पॉवर फॅक्टर किंवा केव्हीएएचवर (रिॲक्टिव्ह पॉवर धरून मोजलेली एकूण वीज) बिल असेल तर ही सेटिंग लावण्याआधी थांबा. ४० किलोवॅट आणि २० केव्हीएआरचा भार असताना मीटरला पॉवर फॅक्टर ०.८९ दिसतो. सोलरने ३० किलोवॅट दिले की मीटरमधून १० किलोवॅट येतात पण २० केव्हीएआर तसेच, आणि पॉवर फॅक्टर ०.४५ होतो. वरून इन्व्हर्टरही रिॲक्टिव्ह पॉवर शोषायला लागला तर बिलात आणखी दंड बसेल. तिथे एपीएफसी पॅनेलचा (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारी पेटी) सीटी, म्हणजे करंट मोजणारं कडं, सोलर जोडणीच्या ग्रिडकडच्या बाजूला, म्हणजे मीटर जे पाहतो तेच पाहील अशा जागी हवा.

आणि मर्यादा वाढवण्याबद्दल. इन्स्टॉलरच्या पासवर्डने २५३ चे २६५ करता येतात, आणि ट्रिप थांबतातही. पण ते व्होल्टेज तुमच्याच बोर्डातून तुमच्याच उपकरणांना मिळतं, थोडं शेजाऱ्यांनाही. सर्ज संरक्षकांतले बरेच व्हॅरिस्टर (व्होल्टेजची उसळी शोषणारे भाग) २७५ व्होल्टचे असतात. रोज दुपारी त्यांना हद्दीजवळ ठेवलं तर ते लवकर मरतात. शिवाय जोडणीच्या करारात दिलेली सेटिंग वितरण कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय बदलली तर नेट मीटरिंग रद्द होऊ शकतं. आयलँडिंगविरोधी संरक्षणाला, म्हणजे ग्रिड बंद झाली की इन्व्हर्टरलाही बंद करणाऱ्या सोयीला, तर हातच लावायचा नाही. लाइन बंद करून खांबावर चढलेल्या माणसाचा जीव त्यावर असतो.

तोपर्यंत: दुपारी वीज आतच वापरा

सर्व्हिस केबलमधून जाणारा करंट म्हणजे इन्व्हर्टरचा करंट वजा तुमचा वापर. दुपारी दीड किलोवॅटचा पंप किंवा गीझर चालवला तर ६ अँपिअर आतच वापरले जातात, खांबाकडे १४ च जातात, आणि वरच्या उदाहरणात मीटरवरचं व्होल्टेज दीड व्होल्टने उतरतं. पाण्याची टाकी भरणं, कपडे धुणं, वाहन चार्जिंग टायमरने अकरा ते तीनमध्ये आणा. बॅटरी असेल तर चार्जिंगची वेळ बदला. नेहमीच्या सेटिंगमध्ये ती सकाळी दहापर्यंत भरून बसते आणि नेमक्या गरजेच्या वेळी रिकामी जागा उरत नाही.

एक्सपोर्ट लिमिटर (ग्रिडकडे जाणारी वीज ठरावीक मर्यादेत ठेवणारं उपकरण) लावणार असाल तर त्याच्या सीटीवरचा बाण उत्पादकाने सांगितलेल्या दिशेलाच आणि सीटी मेन स्विचजवळ, सगळ्या भारांच्या अलीकडे हवा. तो उलटा बसला तर लिमिटर वापराला निर्यात समजतो.

वितरण कंपनीकडे काय मागायचं

‘सोलर बंद पडतो’ अशी तक्रार दिली तर ‘इन्स्टॉलरला विचारा’ हेच उत्तर येतं. तक्रार व्होल्टेजची द्या, मापांसकट. ७ दिवसांची, १० मिनिटांच्या सरासरीची नोंद सगळ्यात वजनदार; ईएन ५०१६० मध्ये पुरवठ्याची गुणवत्ता याच पद्धतीने तपासतात. अर्जातला मुख्य परिच्छेद असा लिहिता येईल:

“आमच्या नेट मीटर जोडणीवर मेन स्विचजवळ, सौर इन्व्हर्टर बंद असताना दुपारी १ वाजता २४४ व्होल्ट आणि २० अँपिअर निर्यात होत असताना २४९ व्होल्ट मोजले आहेत. यावरून मीटरपलीकडचा रोध ०.२५ ओहम येतो. इन्व्हर्टर ते मीटर केबल १० चौ. मिमी तांब्याची असून तिच्यातील वाढ २.२ व्होल्ट आहे. सोबत ७ दिवसांची व्होल्टेज नोंद जोडली आहे. कृपया खांबावरील व मीटरमधील जोड तपासावेत, सर्व्हिस केबलची जाडी मंजूर क्षमतेनुसार वाढवावी आणि फेजवरील भार व ट्रान्सफॉर्मरचा टॅप तपासावा.”

मागण्यांचा क्रम मुद्दाम असा आहे. खांबावरचा जोड तपासणं सगळ्यात स्वस्त आणि बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. मग केबल. मग फेज बदलणं: एकाच फेजवर चार-पाच सोलर जोडण्या आल्या असतील तर एक-दोन दुसऱ्या फेजवर नेल्याने सगळ्यांचं सुधारतं. टॅप (ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज पायरीपायरीने बदलायची सोय) शेवटी, कारण एका पायरीने सहसा अडीच टक्के, म्हणजे ५-६ व्होल्ट खाली येतात, पण ते त्या ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्यांसाठी. संध्याकाळी सोलर नसताना लाइनच्या शेवटच्या घरात आधीच २१० असेल तर तिथे २०४ होईल, आणि कंपनी नाही म्हणेल. त्यांचं म्हणणं तेव्हा बरोबर असतं. शिवाय वितरण ट्रान्सफॉर्मरचा टॅप सहसा पुरवठा बंद करूनच बदलावा लागतो.

सारखे दिसणारे, पण वेगळे दोष

एमसीबी पडली असेल तर इन्व्हर्टर ‘ग्रिड नाही’ दाखवतो आणि आपोआप परत येत नाही. ५ किलोवॅटच्या इन्व्हर्टरचा कमाल एसी करंट २२-२५ अँपिअरपर्यंत असू शकतो. उन्हातल्या बंद पेटीत २५ अँपिअरची एमसीबी तेवढ्यावरही तापून पडते. पहाटे दव असताना येणारा ‘आयसोलेशन’ दोष डीसी वायरीच्या इन्सुलेशनचा. ऊन वाढलं की तो जातो, म्हणजे या त्रासाच्या अगदी उलट. उत्पादन दाते न पडता सपाट कापलं जात असेल तर पॅनेल इन्व्हर्टरपेक्षा मोठे आहेत, किंवा इन्व्हर्टर तापून स्वतःला आवरतोय.

बिलात निर्यात कमी दिसली म्हणून लगेच ट्रिपवर खापर फोडू नका. निर्यात म्हणजे उत्पादन वजा आत वापरलेली वीज. मीटरवर १.८.० हा आयात आणि २.८.० हा निर्यात रजिस्टर. एका दिवशी सकाळी आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी दोन्ही वाचन आणि इन्व्हर्टरचं दिवसाचं उत्पादन लिहा. उत्पादनातून निर्यात वजा केल्यावर येणारा आतला वापर पटण्यासारखा आहे का ते पाहा. तो ऋण आला तर मीटर, सीटी किंवा गुणक (मीटरच्या वाचनाला ज्याने गुणायचं तो आकडा) यांत चूक आहे. आणि दुहेरी मीटर अजून लागलाच नसेल तर सोलर चालू करू नका: काही डिजिटल मीटर बाहेर जाणारी वीजही वापर म्हणूनच मोजतात.

दुरुस्तीनंतरची चाचणी निरभ्र दुपारी, सगळा भार बंद ठेवून घ्या. हीच सगळ्यात कठीण परिस्थिती. पूर्ण निर्यातीला इन्व्हर्टर आणि मेन स्विच यांतला फरक २.३ व्होल्टच्या आत, इन्व्हर्टरवरचं व्होल्टेज मर्यादेपेक्षा निदान २ व्होल्ट खाली, आणि अर्ध्या तासाने एमसीबी व लग हाताला सोसेल इतकेच कोमट, हात अर्थातच पुरवठा बंद करून लावायचा. नवी टर्मिनलं पहिल्या महिन्यानंतर एकदा पुन्हा आवळा, ॲल्युमिनियमची तर दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर.